शारदाबाईंची चढती पट्टी

अच्युतराव बोरगावकरांचा गळा कसा गेला, हे रायपुरातल्या मराठी माणसांना कधी उमगलं नाही. कोणी म्हणे वय झालं. कोणी म्हणे कचेरीत हाताखालच्या लोकांवर ओरडून ओरडून गेला. त्यांनी स्वतः दही सोडलं, लोणचं सोडलं, हळद-मिठाच्या गुळण्या करून करून तोंडाची चव घालवली. नागपूरला जाऊन गळ्यात नळी घालून पाहिली. डॉक्टर म्हणाला, काका, गळा तर जवान पोट्ट्यासारखा आहे. तरी गणपतीत वेणुमतीचं पद म्हणायला उभे राहिले, की वरच्या सुरावर जाऊन आवाज फाटायचा. जुनं लुगडं फाटावं तसा, टरकन.

खरं कारण एकाच बाईला ठाऊक होतं, आणि ती स्टेजच्या डाव्या अंगाला पायपेटीवर बसलेली असायची.

पायपेटी म्हणजे पायानं भाता मारायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं असं टेबलाएवढं वाद्य. नाटकवाले तिला ऑर्गन म्हणतात. गाणाऱ्याला सूर द्यायचा तो पेटीवाल्यानं. अच्युतरावांची पट्टी, म्हणजे गाण्याचा सा, काळी एक. शारदाबाई वझलवारांनी दहा-बारा वर्षं इमानानं काळी एक धरली. मग एका गणपतीत, कोणाला न सांगता, बोट एक घर उजवीकडे सरकवलं, सूर तेवढाच वर. पांढरी दोन. एवढ्यानं कोणाचा गळा फाटत नाही, जरा ओढ लागते इतकंच. आणखी सात-आठ वर्षं गेली, काळी दोन. मग पांढरी तीन. मग पांढरी चार. लोणचं मुरवायला ठेवावं तसं बाईंनी हे काम ठेवलं होतं. घाई नाही, दर वर्षी बरणीत डोकावायचं.

तबलजी सुशीलला मात्र कळत होतं. त्याला तबला त्याच सुरात लावावा लागे. एकदा हातोडी उचलता उचलता तो हळूच म्हणाला, "ताई, आणखी वर?"

"तू ठोक," शारदाबाई म्हणाल्या.

त्यानं ठोकलं. अच्युतरावांनी त्यालाही एकदा भर सभेत 'ढोलकीवाला' म्हटलं होतं.

आठ वर्षांपूर्वी अच्युतरावांनी गाणं सोडलं. नाट्यमित्र मंडळीच्या बैठकीत डोळे पुसत म्हणाले, आता हा गळा माझा राहिला नाही. सगळे हळहळले. शारदाबाईंनी चौबे कॉलनीतल्या घरी येऊन चपला काढल्या, पदर खोचला आणि शेवयांची खीर केली. सून म्हणाली, आज काय सण आहे? बाई म्हणाल्या, आहे एक.

एका माणसाच्या मागं एवढी वर्षं लागायचं, तर तसं काही घडलेलं असावं लागतं. घडलं होतं.

गोष्ट एक्क्याऐंशी सालची. शारदा तेव्हा वीस वर्षांची, सातवी पास. बाप गुलाबराव गोल बाजारात भांड्यांना डाग द्यायचा, कल्हई लावायचा. कधीकाळी एक नाटक कंपनी रायपुरात येऊन मोडली होती, तिची पायपेटी मंडळीच्या हॉलमध्ये पडून होती. भात्याला उंदरांनी भोकं पाडलेली. गुलाबरावांनी ती भांड्यासारखी दुरुस्त केली, आणि त्यांची पोट्टी तिच्यावर बसून बसून वाजवायला शिकली. रायपुरात दुसरं कोणी पायपेटी वाजवणारं नव्हतं. म्हणून तर ती घेतली होती. नाहीतर नाटकाच्या कामात कल्हईवाल्याच्या पोरीला कोण बोलावतं?

त्या वर्षी मंडळीनं 'संगीत वेणुमती' धरलं. पन्नास-साठ पदांचं जुनं नाटक, आज्या-पणज्यांच्या काळात रात्र रात्र चालायचं. गोष्ट साधी. एक राजा वेणुमतीला लग्नाचं वचन देतो, आपल्या राज्यात परततो आणि म्हणतो, ही बाई कोण, मी ओळखत नाही. शेवटच्या अंकात ती पाळलेल्या पोपटाला निरोप देऊन धाडते, 'जाउनि सांग शुका, मी न विसरले.' बस, एवढंच. पण त्या पदावर म्हणे बाया पदरानं डोळे पुसत आणि पुरुष उगीच पान लावायला बाहेर जात.

आता जुन्या नाटकाच्या पुस्तकात अशी रीत, की पदाच्या डोक्यावर लिहायचं, 'चाल अमक्या गाण्याची'. त्या काळी ते अमकं गाणं सगळ्यांना येत असे, म्हणून तेवढंच पुरायचं. या पदावरही एका गाण्याचं नाव होतं. पण ते गाणं येणारा माणूस रायपुरात राहिला नव्हता. शब्द होते, चाल मेली होती.

अच्युतराव तेव्हा चौतिशीचे. नाटक बसवणारे तेच आणि नाटकातला राजाही तेच. ते चाल शोधायला नागपूरला गेले आणि चार दिवसांनी संत्र्याची बर्फी घेऊन आले.

"शारदा," ते म्हणाले, "तिकडे कोणालेच येत नाही. खेळाले आठच दिवस राह्यले. तूच काहीतरी कर न."

शारदानं केलं. आठ दिवसांत पद उभं राहिलं. चाल कुठून आली हे तिनं सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

खेळाच्या दिवशी त्या पदाला तीन वन्स मोअर पडले. संगीत नाटकात लोक वन्स मोअर ओरडले की गाणाऱ्यानं पुन्हा गायचं. राजा मेलेला असला तरी उठून गातो, पुन्हा मरतो. वन्स मोअरला नाही म्हणायची पद्धत नाही. तीनदा वेणुमती गायली आणि तीनदा शारदानं वाजवलं. पडदा पडल्यावर नागपूरहून आलेले पाहुणे स्टेजवर चढले आणि माइकवर म्हणाले, "शेवटच्या पदाची चाल कोणाची हो?"

अच्युतरावांनी पेटीकडे पाहिलं. शारदाकडेच पाहिलं, नीट पाहिलं. तिनं पदर सावरला. उठून उभं राहावं का बसूनच नमस्कार करावा, एवढाच विचार तिच्या मनात होता.

मग अच्युतराव म्हणाले, "नागपुरात एक म्हातारे नट आहेत. अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या तोंडून मी ही मूळ चाल उतरवून आणली."

टाळ्या पडल्या. शारदाही वाजवून बसली, सवयीनं.

मागच्या दारी तिनं त्यांना गाठलं. "भाऊ, असं काहून सांगितलं?"

"अगं, समजून घे. पोरीनं केली म्हटलं असतं तर हे म्हातारे म्हणाले असते, नाटक नासवलं. आता राहू दे. मी सांगतो न नंतर."

हे 'नंतर' शारदानं गाठीला बांधून ठेवलं. दुसऱ्या दिवशी फोटो आला. सगळी मंडळी ओळीनं उभी, मधे अच्युतराव हार घालून, आणि डाव्या कडेला अर्धी कापलेली पायपेटी. तिच्या खाली दोन पाय. शारदाचे. तो फोटो मंडळीच्या हॉलमध्ये चौकटीत लागला तो आजपर्यंत आहे. लग्न होऊन ती वझलवार झाली, मुलगा झाला, नवरा कृष्णराव गेला, नात झाली, आणि हॉलमध्ये जाताना दर वेळी तिला आधी स्वतःचे पाय दिसायचे.

इकडे तो म्हातारा नट वर्षागणिक वाढत गेला. आधी नुसता आजारी होता. मग आंधळा झाला. मग त्यानं अच्युतरावांचा हात हातात घेतला. पुढं पुढं तर चाल सांगून संपली आणि त्यानं डोळेच मिटले. आंधळ्यानं डोळे मिटले हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. शारदाबाईंच्या आलं. त्याच वर्षी त्यांनी पांढरी तीन धरली.

*

दोन वर्षांपूर्वी पुण्याची ऋता नावाची मुलगी आली. तिनं 'वेणुमती' नव्यानं बसवलं. पदं वीसवर आणली, तीन तासांत संपवलं, वेणुमतीला जीनच्या जाकिटात उभं केलं आणि गावोगाव लोकांना वेड लावलं. मग म्हणाली, आता याचा सिनेमा करते. आणि केला. पोपटाचं पद तेवढं तिनं जसंच्या तसं ठेवलं. नाटकाच्या पुस्तिकेत त्याच्याखाली छापलं होतं, 'मूळ चाल श्री. अच्युत बोरगावकर, रायपूर, यांनी जतन केलेली.'

सिनेमाचं गाणं आधी फोनवर आलं. नात गंधालीनं ऐकवलं. "दादी, देखो ना, चालीस लाख लोगों ने सुना है. बोरगावकर दादाजी का नाम भी है."

शारदाबाई ऐकत राहिल्या. चाळीस वर्षांपूर्वी आपण बांधलेली एक एक हरकत. गवार मोडत होत्या, ती जरा बारीकच मोडली गेली.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी ऋता रायपुरात सिनेमाचा कार्यक्रम ठेवणार होती. मंडळीच्याच हॉलमध्ये, अच्युतरावांचा सत्कार आणि त्यांच्या तोंडून तेच पद. ती शंकर नगरातल्या एका पाहुणघरात उतरली होती. शारदाबाई इस्त्रीचं पातळ नेसून, पिशवीत जुनी वही घेऊन तिथं गेल्या.

ऋतानं वही पाहिली. सा रे ग म, शाईनं लिहिलेलं, तारखेसकट. ती चांगली मुलगी होती. उठून बाईंना पाणी दिलं आणि अच्युतरावांना फोन लावला. फोनमधला आवाज शारदाबाईंनाही ऐकू आला.

"शारदा न? हव, ती आमची पेटीवाली. मी सांगत गेलो अन् ती लिहीत गेली. अक्षर चांगलं होतं तिचं."

ऋता ओशाळली. "आजी, मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. पण वहीवरून ते म्हणतात तेही खरं असू शकतं, नाही का? चाल नागपूरची नाही, इथलीच आहे, असं काही दाखवता येईल? मग मी त्यांचं नाव एका मिनिटात काढते. सिनेमाच्या नावांच्या पाट्या अजून व्हायच्या आहेत."

"त्यांचं काढशील. अन् माझं टाकशील?"

"तुमची असेल तर तुमचंच."

बाई वही घेऊन घरी आल्या. तारुण्यात नव्हता असा राग आता म्हातारपणी पायापासून डोक्यापर्यंत चढला होता. पेटीवाली. अक्षर चांगलं होतं. सून म्हणाली, आई, चहा? बाई म्हणाल्या, विष असेल तर दे. सुनेनं चहा दिला.

तेवढ्यात फाटकापाशी टाळ्या वाजल्या.

सुआ गाणाऱ्या बाया आल्या होत्या. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस त्या घरोघर फिरतात. टोपलीत धान, धानावर मातीचा पोपट, त्याला छत्तीसगढीत सुआ म्हणतात. टोपली मधे ठेवायची आणि भोवती गोल धरून, वाकून, टाळ्या देत गायचं. पोपटाला सांगायचं, जा, माझ्या माणसाला माझं दुःख सांग. पुढं होती बिसाहिन, तळ्यापलीकडच्या पाऱ्यातली, म्हणजे वस्तीतली. तिची आई दुकलहिन गुलाबरावांच्या दारी मुर्रा, म्हणजे मुरमुरे, विकायला यायची, तेव्हापासूनची ओळख.

बाया गाऊ लागल्या. गंधाली फोन हातात घेऊन बाहेर आली आणि थबकली.

"दादी! ये तो वही गाना है. मूवी वाला. बस फास्ट है."

शारदाबाईंनी कप खाली ठेवला.

तेच होतं. त्र्याहत्तर सुरांतले साठ तरी तेच. एक्क्याऐंशी साली, त्या आठ दिवसांतल्या तिसऱ्या दिवशी, दुकलहिन दारात हेच गात होती. शारदानं ते संथ केलं, दोन ताना घातल्या, शेवटाला एक मुरकी दिली आणि म्हणाली, झाली माझी चाल. पोपटाच्या पदाला पोपटाचं गाणं. पुढं म्हणत म्हणत तिला स्वतःलाही वाटू लागलं, की ती आपल्याच पोटातून आली. अच्युतरावांचा आंधळा नट तिला दिसत होता. स्वतःची दुकलहिन मात्र तिनं कुठं ठेवली होती, देव जाणे.

गाणं थांबलं. बिसाहिननं टोपली उचलली. "का होगे दीदी? मुँह काबर उतरे हे?" काय झालं, तोंड का उतरलंय.

"बस जरा, बिसाहिन."

दोघी ओसरीवर बसल्या. बाईंनी सगळं सांगितलं. नाटक, पद, अच्युतराव, नागपूर, सिनेमा. बिसाहिन तंबाखू मळत ऐकत होती. संपल्यावर शांतपणे म्हणाली, "मोला सब पता हे."

"काय पता हे?"

"ओ दिन दाई अउ मैं हॉल के पाछू बइठे रहेन." त्या दिवशी आई आणि मी हॉलच्या मागं बसलो होतो. भिंतीमागून सगळं ऐकलं. तीन वेळा लोक ओरडले, तीन वेळा दाईचं गाणं पुन्हा झालं. "दाई कहिस, देख, शारदा नोनी हमर सुआ ला ले गे. एक बार पूछ तो लेतिस."

शारदा पोरीनं आपला सुआ नेला. एकदा विचारायचं तरी होतं. शारदाबाईंच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. हेच वाक्य त्या चाळीस वर्षं अच्युतरावांसाठी मनात घोटत होत्या.

त्यांनी विचारलं, "दुकलहिन कधी बोलली नाही ते?"

"मुर्रा कम देत रिहिस." आई त्या दिवसापासून तुझ्या घरी माप जरा आखडतं भरायची.

शारदाबाईंना हसू आलं आणि ते अडवताही येईना. बिसाहिनही हसली, पण डोळ्यांनी नाही. हिशेब तिनं सोडलेला नव्हता.

आता बाईंपुढं दोन वाटा होत्या. ऋताला दाखवायचं, की चाल इथली आहे, नागपूरची नाही. दाखवायचं तर बिसाहिनला हॉलमध्ये आणायचं. ती गायली की अच्युतराव संपले. पण त्याच क्षणी शारदाबाईंची चालही संपली. नाव हवं असेल तर गप्प बसायचं आणि वही घेऊन भांडत राहायचं. अच्युतरावांचं नाव पुसायचं, तर आपलंही पुसायचं.

त्यांनी विचार केला तो फार तर पोहे भिजतात तेवढा वेळ.

"रविवारी येशील?"

"मैं आहूँ," बिसाहिन म्हणाली. "फेर माइक मा तैं खुद बोलबे." येईन मी, पण माइकवर तू स्वतः सांगायचं. दाईचं नाव घेऊन.

"हव," शारदाबाई म्हणाल्या. "पण आधी त्यांना पुरतं गाऊ द्यायचं. वन्स मोअर पडला की मग तुम्ही या."

*

रविवारी हॉल गच्च भरला. अच्युतराव रेशमी सदरा घालून आले, काठी टेकत, तरी ताठ. कार्यक्रमाआधी पेटीपाशी वाकून हळूच म्हणाले, "शारदा, आठ वर्षं गायलो नाही. पट्टी जरा सांभाळून घे."

"घेते भाऊ. तुम्ही काळजी नका करू."

फोनवर 'पेटीवाली' म्हटल्याचा विषय त्यांनी काढला नाही. त्यांच्या ध्यानातही नसावा.

आधी किस्सा झाला. म्हातारा नट, नागपूर, अंधारी खोली. या खेपेला बाहेर पाऊसही पडत होता. ऋता पहिल्या रांगेत हात जोडून ऐकत होती. मग अच्युतराव पेटीकडे वळले, मान हलवली. सुशीलनं हातोडी हातात धरून बाईंकडे पाहिलं.

शारदाबाईंनी काळी एक धरली.

सुशीलचे डोळे मोठे झाले. इतक्या वर्षांनी? पण त्यानं मुकाट तबला उतरवला.

अच्युतरावांनी डोळे मिटून सूर लावला आणि त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. आवाज लागत होता. 'जाउनि सांग शुका' म्हणत ते वर गेले, आणि फाटलं नाही. काठी कधी बाजूला पडली त्यांना कळलं नाही. त्यांचं तोंड तिशीतल्या माणसासारखं झालं. खोटं कशाला बोला, छान गायले. शारदाबाईंची बोटंही मनापासून चालत होती. बकऱ्याला हिरवा पाला घालताना हात आखडायचा नसतो.

पद संपलं. टाळ्या पडायच्या आत पेटीवरून खणखणीत आवाज आला.

"वन्स मोअर!"

लोक चमकले, हसले, मग सगळा हॉल ओरडू लागला. वन्स मोअर, वन्स मोअर. अच्युतरावांचे डोळे भरून आले. त्यांनी शारदाबाईंना वाकून नमस्कार केला आणि पुन्हा सुरू केलं.

पहिली ओळ झाली, आणि मागच्या दारातून टाळ्यांचा ठेका आत आला.

नऊ बाया. लाल-हिरवी लुगडी, पायात तोडे, पुढं बिसाहिन, डोक्यावर टोपली, टोपलीत मातीचा पोपट. मधल्या वाटेनं गात गात आल्या. सूर तोच, वळण तेच. अच्युतरावांची ओळ आणि त्यांची ओळ एकमेकींत अशी बसली, की कोण कुठं संपतं कळेना. लोकांना वाटलं कार्यक्रमातलंच काही आहे. बायांनी स्टेजखाली टोपली ठेवली, गोल धरला. पदाला दोनच कडवी. सुआचं गाणं लांबलचक. दोन कडवी संपल्यावर अच्युतराव थांबले. बाया थांबल्या नाहीत. तिसरं, चौथं, पाचवं, एकेका कडव्याला चाल नवी वाट घेत होती आणि तरी तीच होती. अच्युतराव हातात माइक घेऊन उभे. पेटी मात्र चालू होती. पेटीला सगळी कडवी येत होती.

गाणं संपलं. ऋता उठली. "काका," तिनं विचारलं, "या मावशी नागपूरच्या का?"

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं. हसू रांगारांगांतून पुढं आलं आणि स्टेजपाशी येऊन आदळलं.

शारदाबाईंनी पाय भात्यावरून काढले. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या पेटीमागून उठून समोर आल्या. अच्युतरावांच्या हातातून माइक घेतला.

"ही चाल दुकलहिन बाईची," त्या म्हणाल्या. "तळ्यापलीकडच्या पाऱ्यात राहायची, मुर्रा विकायची. मी तिच्याकडून उचलली. विचारलं नाही. ही माझी चोरी, कबूल आहे. मी उचलली त्याच्यावर ह्यांनी आपला शिक्का मारला. ती ह्यांची चोरी. कबूल आहे का, ते तुम्ही ह्यांना विचारा."

अच्युतराव पांढरे पडले. "शारदा, काहून असं? मी सांगणारच होतो नंतर..."

"मी वाटच पाहून राहिली होती, भाऊ. माणूस किती वाट पाहील?"

ते खुर्चीत बसले. सत्काराची शाल त्यांच्या मांडीवर तशीच घडीत होती. बिसाहिननं ती उचलली, उलगडून पाहिली, चांगली आहे असं म्हणाली आणि स्वतःच्या खांद्यावर घेतली. कोणी हरकत घेतली नाही.

*

उन्हाळ्यात सिनेमा लागला. शारदाबाई बिसाहिनला घेऊन दुपारच्या खेळाला गेल्या. गंधालीनं मक्याच्या लाह्यांचे दोन डबे घेऊन दिले. बिसाहिननं एक दाणा चावून सांगितलं, मुर्रा बरा.

अच्युतराव पुढच्याच रांगेत होते. एकटे. मंडळीतले लोक त्यांना टाकत नव्हते, पण भेटले की 'नागपूरचे काय हालहवाल?' एवढं विचारायचे आणि हसू दाबायचे.

सिनेमा संपला, पोपटाचं गाणं पुन्हा सुरू झालं आणि पाट्या वर सरकू लागल्या. अच्युतरावांनी काठी घेतली, उठले.

"बसा भाऊ," मागून शारदाबाई म्हणाल्या. "वाचून जा."

ते उभेच राहिले क्षणभर. मग बसले.

नावं वर सरकत होती. कपडे शिवणारे, दिवे धरणारे, चहा देणारे, सगळ्यांची नावं होती. मग आलं, 'शेवटच्या पदाची चाल: दुकलहिन बाई, बिसाहिन बाई आणि पाऱ्यातल्या सगळ्या जणी.' शारदाबाईंनी बोट दाखवून मोठ्यानं वाचलं. बिसाहिननं आईचं नाव पुन्हा एकदा वाचायला लावलं.

पाट्या संपेपर्यंत शारदाबाई पाहत राहिल्या. वझलवार कुठं नव्हतं. बोरगावकर कुठं नव्हतं. पहिलं त्यांना लागलं. दुसऱ्यानं ते बरंचसं निवलं.

दिवे लागले. अच्युतराव वळले. बराच वेळ विचारू की नको असं तोंड करून बसले होते, शेवटी विचारलंच.

"शारदा, एक सांग. त्या रविवारी माझा गळा कसा काय लागला?"

"काळी एक होती भाऊ."

"काळी एक? पण माझी नेहमीचीच..."

"नेहमीची नाही. एक्क्याण्णवपासून पांढरी दोन. मग काळी दोन. आंधळा नट मेला त्या वर्षी पांढरी तीन. शेवटी शेवटी पांढरी चार."

म्हाताऱ्याच्या कपाळावर एकेक आकडा उमटत गेला. दही, लोणचं, गुळण्या, नागपूरची नळी. मुकी गेलेली आठ वर्षं.

"म्हणजे माझा गळा गेला नव्हता," ते पुटपुटले.

"गेला नव्हता. मी नेला होता."

सफाईवाल्या बाया झाडू घेऊन आत आल्या. अच्युतराव काठीवर हात ठेवून तसेच बसून होते. शारदाबाईंनी डब्यातल्या उरलेल्या लाह्या रुमालात बांधल्या, बिसाहिनचा हात धरला आणि पायऱ्या उतरू लागल्या.

दाराशी मागून अच्युतरावांचा आवाज आला. जुना, चांगला आवाज, काळी एकमधला.

"गणपतीत मी गाईन म्हणतो. पेटीवर कोण बसणार?"

शारदाबाई थांबल्या, पण वळल्या नाहीत.

"मीच बसणार न भाऊ. रायपुरात दुसरं आहे कोण?"